भिंतीपलीकडे टाकलेली पानं

खूप जुनी गोष्ट आहे. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि परसबाग नाही असं एकही घर त्या गावात नव्हतं. कुणाच्या छपरावर लाल भोपळा चढलेला, कुणाच्या मांडवावर कारली लोंबणारी. पाटलांचा दुधी मात्र पंचक्रोशीत नावाजलेला. तो राजाच्या मुदपाकखान्यात जाई, आणि पाटील हे भेटेल त्याला सांगत.

एका वर्षी पाटलांच्या वेलावर पांढरे ठिपके दिसू लागले. पीठ भुरभुरावं तसे. ती भुरी होती.

भुरी गावात सगळ्यांना माहीत होती, आणि तिचा इलाजही. रोगट पानं खुडून जाळायची, दाटी विरळ करायची, आंबट ताक पाण्यात कालवून उरलेल्या पानांवर शिंपडायचं. आणि शेजाऱ्यांना सावध करायचं.

पाटलीणबाई म्हणाल्या, "अहो, गावाला सांगायला हवं. वाऱ्यावर पसरते ही."

"आणि राजाच्या कानावर गेलं तर?" पाटील खेकसले. "माझ्या दुधीला रोग? तोंड उघडायचं नाही!"

त्यांनी कुंपणाला झावळ्यांचा उंच आडोसा केला. रोगट पानं खुडली खरी. पण धूर दिसला तर लोक विचारतील, म्हणून जाळली नाहीत. मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकून दिली.

पलीकडे सगुणाचं परस होतं. नवरा गेल्यापासून ती आणि तिची म्हातारी सासू त्या परसावरच जगत होत्या. थोड्याच दिवसांत तिच्या दोडक्याची पानं पांढरी पडली. सगुणाने काही लपवलं नाही. ती घरोघर गेली. "माझ्याकडे भुरी आलीय. आपापले वेल बघून घ्या," असं सांगत फिरली.

या खरेपणाचं तिला काय मिळालं, ऐका.

चावडीवर गाव जमला. पाटील उभे राहिले आणि म्हणाले, "रोग हिच्याच घरातून निघाला. हिनेच कबूल केलंय! उपटून टाका हिचं परस."

आणि गावाने उपटलं! ज्यांना तिने सावध केलं होतं, तेच हात पुढे आले. दोडका गेला. ज्यांना रोग शिवलाही नव्हता, ती वांगी आणि मिरच्याही गेल्या. म्हातारीने वांग्याचं एक झाड घट्ट धरून ठेवलं होतं. कुणीतरी तिची बोटं सोडवली.

पण भुरी थांबली नाही. पाटलांच्या आजूबाजूचे वेल एकामागून एक पांढरे पडत गेले.

सगुणा उजाड परस झाडायला गेली, तेव्हा तिला भिंतीच्या बुडाशी पानांचा ढीग दिसला. तिने एक पान उचललं, उलटून पाहिलं आणि तिचं डोकं तापलं. पदरात पानं भरून ती तडक चावडीवर गेली. भुरीपायी तिथे पुन्हा गाव जमला होता, पाटील आणि पाटलीणबाईही होत्या. तिने ती पानं सगळ्यांसमोर ओतली.

"पाटील, ही दुधीची पानं आहेत. माझ्या परसात दुधी कधी नव्हताच. मग ही कुणाची?"

पाटील चाचरले. "सगुणे, मी गावाच्या नावासाठी गप्प राहिलो."

"गावाच्या नावासाठी? तुमच्या मिरवण्यापायी माझी सासू उपाशी निजते! एक मडकं ताक पुरलं असतं, पाटील. एक मडकं!" मग ती लोकांकडे वळली. "आणि तुम्ही! मी सांगितलं, तर माझं परस उपटलंत. यांनी आडोसा घातला, तर का घातला, एवढंही विचारलं नाहीत!"

पाटलीणबाई उठल्या, घरी गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी झावळ्या ओढून काढल्या. आत सगळा मांडव पांढराफटक पडला होता.

त्याच दिवशी तो मांडव जाळला गेला. आंबट ताकाने थोडे वेल वाचले, पुष्कळ गेले. त्या वर्षी गावाने मिठाबरोबर भाकरी खाल्ली. राजाकडे दुधी गेला नाही, आणि पाटलांना चावडीवर पुन्हा कुणी बोलावलं नाही.

गावकरी रोपं घेऊन सगुणाच्या दारी आले. "झालं गेलं विसर, बाई," ते म्हणाले.

"रोपं ठेवा," ती म्हणाली. "पण माझ्या सासूची बोटं ज्याने सोडवली, त्याने ही रोपं स्वतः लावावीत. आणि विसरायचं मला सांगू नका."

तात्पर्य : जे गाव रोग सांगणाऱ्याला शिक्षा करतं आणि लपवणाऱ्याला मान देतं, त्या गावात औषध असूनही रोग हटत नाही.