मेंदीच्या कुंपणातलं घरटं

मोठ्या शहराला लागून असलेल्या एका लहान गावात घरोघरी मेंदीची कुंपणं होती, तेव्हाची ही गोष्ट. शहरातल्या गोंगाटाला कंटाळून एक बुलबुल आपल्या जोडीदाराबरोबर तिथं राहायला आली. एका कुंपणात तिनं घरटं बांधून दोन अंडी घातली. जागा शांत होती, किडेही भरपूर मिळत. त्रास होता तो शेजारच्या सातभाई पक्ष्यांचा. ते रोज घरट्यात डोकावत आणि गावभर ओरडत सुटत, "बुलबुलीला दोन अंडी झाली!"

ही बातमी अंडी खाणाऱ्या भारद्वाज पक्ष्याच्या कानावर गेली. एका दुपारी बुलबुल एकटी असताना तो कुंपणात शिरला. ती जिवाच्या आकांतानं किंचाळली. त्यानं एक अंडं फोडलं आणि दुसऱ्याकडे चोच वळवली, तोच सगळे सातभाई त्याच्यावर तुटून पडले. बराच वेळ झटापट झाली. शेवटी भारद्वाज पळाला. सातभाईंमधल्या एका म्हाताऱ्याच्या पंखातून रक्त येत होतं.

"तुमच्या बडबडीमुळंच तो आला!" बुलबुल म्हणाली.

"हो बाई, चुकलं आमचं," म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

जोडीदार परतला आणि फुटलेलं अंडं पाहून हादरला. "आपण शहरात परत जाऊ. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही."

"तिथं माझी किंकाळीही कुणी ऐकली नसती," बुलबुल म्हणाली. तिनं उरलेलं अंडं पोटाखाली घेतलं.

"काका," ती म्हाताऱ्याला म्हणाली, "इथं जवळच बसा. पण गप्प बसा."