कडेचा गोठा

एकदा घनदाट रानाला टेकलेल्या एका गवळ्यांच्या वस्तीत वाघाने वर्षभरात तिसरे जनावर मारले. तिन्ही जनावरे एकाच विधवेची, ठकूबाईची होती. या खेपेस गेली ती तिची एकुलती दुभती म्हैस.

सकाळी देवळापुढे सारी वस्ती जमली. कुंपण नव्याने घालायला चार माणसे द्या, एवढेच ठकूबाईने मागितले. तोच बमू ताडकन उठला. वस्तीतले वृद्ध जाणते धाकलूआजा यांच्याकडे तो जनावरांची औषधे शिकत असे आणि अलीकडे स्वतःलाही जाणता समजू लागला होता.

"दर वेळी हिचंच जनावर कसं जातं? आमचं का नाही?" तो कडाडला. "काकी, राखण नीट करायला नको? तुझ्या आळसाला वस्तीनं किती पुरायचं?"

माना डोलल्या.

आजा उठले. वस्तीच्या मधोमध असलेल्या आपल्या गोठ्यातून त्यांनी सातही म्हशी सोडल्या, ठकूबाईच्या गोठ्यापलीकडे थेट रानाच्या तोंडाशी नेल्या आणि तिथे खुंट ठोकू लागले.

बमू धावत आला. "आजा, वाघाला पान वाढताय की काय?"

आजांनी हातातला दगड टाकला. त्यांचा आवाज कापत होता, पण वयाने नव्हे.

"उभ्या जन्मात माझी एक म्हैस गेली नाही. मला वाटायचं, माझी राखण चोख! अरे, कसली राखण? रानातून उतरलेल्या वाघाला पहिला गोठा लागतो तो हिचा. तिथंच त्याचं पोट भरतं, म्हणून तो तुझ्यामाझ्या दारी येत नाही. नवरा गेल्यावर हिला मधली जागा सोडून कडेला जायला कुणी लावलं? आपणच. तिची जनावरं आपलं कुंपण झाली, बमू, आणि आज भर सभेत आपण तिलाच आळशी म्हणालो! वाघ भुकेपोटी मारतो. आपण कशापोटी मारतो, सांग मला."

सभेतल्या त्या डोलणाऱ्या माना बमूला आठवल्या, आणि त्या डोलवणारा स्वतःचा आवाजही.

दुपारी त्याने आपल्या म्हशी सोडल्या. "कुठं निघालास?" शेजाऱ्याने विचारले.

"वाघ येतो तिथं."

एकेक करीत आणखी चार घरची जनावरे कडेला आली. मग मात्र कुंपणाला माणसे मागावी लागली नाहीत. साऱ्या वस्तीचे कोयते रानाच्या बाजूला चालू लागले.

बमू ठकूबाईपुढे जाऊन उभा राहिला. "काकी, मी चुकलो."

तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तोडलेली काटेरी फांदी पुढे करीत ती म्हणाली, "ही धर. कुंपण झाल्यावर ऐकेन."

बमूने दोन्ही हातांनी फांदी धरली. काटे रुतले, पण त्याने ती सोडली नाही.