खऱ्या मातीचा रणगाडा

“चहाच्या चोथ्याला पहिला नंबर, आणि खऱ्या मातीला काहीच नाही? हा कुठला न्याय, नाना?”

यशोधनने रणगाडा आपटलाच असता; पण जीव त्यातच अडकलेला, म्हणून हळूच टेबलावर ठेवला.

टेबलावरच्या लुटुपुटूच्या लढाईसाठी केलेला तो रणगाडा काडेपेटीहून थोडा मोठा होता. पट्ट्यांना चिखल, पोटाला चिखल, समोरच्या वाटेवरही चिखल. हे काम त्याला केरूनानांनीच शिकवलं होतं. आणि स्पर्धेचे परीक्षकही तेच! ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांनीच केसाने गळा कापला, असं त्याला झालं होतं.

“त्या मीनलने चोथा वाळवला, मिक्सरमधून काढला, डिंकात कालवून फासला. हा चिखल? ही शुद्ध फसवणूक आहे!”

नाना ब्रश धूत राहिले.

“माझ्या आजोबांचा रणगाडा ज्या नाल्यात रुतला, तिथली माती आहे ही. पंजाबात जाऊन स्वतःच्या हातांनी उकरून आणली. चाळली नाही, दळली नाही. होती तशी लावली!”

“हं...”

“हं काय? जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन घोट्याएवढा चिखल तुडवत ते पलीकडे गेले. त्या मातीला तुम्ही नापास केलंत!”

बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. भांडायला यावं आणि रडू फुटावं, याचाही त्याला संताप आला.

“चुकलो म्हणा, नाना. नाहीतर हे माझं शेवटचं येणं.”

नानांनी ब्रश पुसला. डबीतून एक शिपाई काढला. रणगाड्याच्याच मापाचा, अंगठ्याच्या नखाएवढा. तो त्यांनी रणगाड्यापुढच्या चिखलात उभा केला.

शिपायासमोर एक ढेकूळ होतं. हरभऱ्याच्या डाळीएवढंच, पण त्याच्या कंबरेला लागत होतं. त्यामागे दुसरं. त्यामागे आणखी मोठं...

यशोधन वाकून बघत राहिला. कान अजून तापलेलेच होते.

“पण माती तर खरी आहे ना!”

“खरी आहे.”

“मग?”

नानांनी शिपायाकडे बोट केलं.

“हे तुझे आजोबा. यांना तेवढं पलीकडे जाऊ दे... मग बोलू.”