दौलतशेठचं जागं यंत्र

एका बाजारगावात दौलतशेठ नावाचा पेंडीचा व्यापारी होता. त्याच्या दुकानात फोनवर बसायला शेवंता नावाची गावातलीच एक सून होती. आणि शेवंताच्या घरी तिची सासू होती, कोंडाबाई. तोंडाची तिखट, मनाची सरळ. घरात कमावणारं शेवंताशिवाय कोणी नव्हतं.

दुकानाच्या माडीवर पोरी कानाला फोन लावून बसत. गावोगावच्या बाया पेंड मागवत, जनावरानं तोंड फिरवलं तर विचारत. शेठनं संगणकात एक यंत्र बसवून घेतलं होतं. फोन उचलला की ते सगळं बोलणं भरून ठेवी. चांगली गोष्ट आहे की! उद्या तंटा झाला तर कोण काय बोललं ते कळेल. पण या मेल्यानं त्याचा केला चाबूक. दर शनिवारी पोरींना रांगेत उभं करी आणि त्यांचंच बोलणं सगळ्यांसमोर लावी. ही हसली का? तिनं गिऱ्हाइकाच्या लेकराची चौकशी केली का? मग पगार कापी. पोरी माना खाली घालून रडत आणि हा पान चघळत बसे. जळो असली शिस्त!

आता एक ऐका. गिऱ्हाइकाला थांबवायचं एक बटण होतं. ते दाबलं की पलीकडे भूपाळी वाजे. भूपाळी वाजते तोवर यंत्रही झोपतं, असं शेठनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. कोणाला विचारलं नाही. विचारणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

त्या वर्षी गोदाम गळलं. पोती भिजली, पेंडीला बुरशी आली. शेठनं ती उन्हात घातली आणि तीच विकली.

एके सकाळी चंद्रभागा नावाच्या बाईचा फोन आला. तिच्या दारात एकच म्हैस, तिच्या दुधावर घर चाललेलं.

"शेवंता, पेंडीला कुबट वास येतोय गं. घालू का नको?"

शेवंतानं बटण दाबलं. तिकडे भूपाळी लागली. ती मागेच उभ्या असलेल्या शेठकडे वळून म्हणाली, "शेठ, माल नासलाय. नको म्हणून सांगते."

"आणि पोती परत आली तर तुझ्या सासूच्या अंगणात ओतू? चांगली आहे म्हणून सांग. जनावर मेलंच तर म्हणतील, देवीचा कोप झाला. नाहीतर उद्यापासून घरी बस."

शेवंताच्या डोळ्यांपुढे घरची चूल आली. तिनं बटण सोडलं. म्हणाली, "घाला काकू. चांगली आहे."

संध्याकाळी ती ताटातली भाकरी नुसती मोडत बसली. कोंडाबाईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सासू ताडकन उठली.

"मुक्या जनावराला वीख घालायला सांगून आलीस आणि हितं भाकरी मोडतीस? ऊठ! आत्ता चल."

दोघी पायवाटेनं चंद्रभागेच्या घरी गेल्या. शेवंतानं काही लपवलं नाही. पण गोठ्यात म्हैस पाय ताठ करून पडली होती. सकाळपर्यंत ती गेली. म्हशीच्या लहानग्या रेडीला अजून पेंड घातली नव्हती, ती तेवढी वाचली.

"तुला लेकीसारखं मानलं होतं गं," एवढंच चंद्रभागा म्हणाली. शेवंताला ते चपलेपेक्षा जास्त लागलं.

बातमी पसरली. पेंडीची मागणी आटली. शेठ पेटला. भर बाजारच्या दिवशी त्यानं पंच बोलावले आणि दुकानापुढे संगणक आणून ठेवला.

"ही माझं नाव घेते! माणूस खोटं बोलेल, यंत्र नाही. ऐका."

त्यानं शेवटचा तुकडा लावला. "घाला काकू. चांगली आहे." लोक कुजबुजले.

पंचांनी विचारलं, "पोरी, आवाज तुझा?"

"माझाच. भ्याले म्हणून बोलले, पण बोलले मीच."

शेठ गालात हसला. तशी कोंडाबाई पदर खोचून पुढे झाली. "शेपूट दाखवून म्हैस विकतोस व्हय रं? पहिल्यापासून लाव!"

"लाव रे," शेठ कारकुनाला म्हणाला. "मधे भूपाळी लागेल, तेवढंच म्हातारीला पुण्य."

चंद्रभागेचा आवाज आला. "घालू का नको?" मग सगळे भूपाळीची वाट पाहू लागले. पण भूपाळी पलीकडच्या कानाला होती. यंत्राचा कान अलीकडेही उघडाच होता. आला तो शेठचा आवाज. पोती आली, सासूचं अंगण आलं, देवीचा कोपही आला.

शेठला पानाचा ठसका लागला. तो यंत्र बंद करायला धावला. कोंडाबाई आडवी उभी राहिली.

"आज शनिवार हाय, शेठ. उभं राहून ऐकायचं."

पंचांनी शेठच्या गोठ्यातली दुभती म्हैस सोडली आणि चंद्रभागेच्या दारात बांधली. नासकी पोती त्याच्याच हातानं खड्ड्यात पुरायला लावली. माडीवरच्या पोरी त्याच दिवशी खाली उतरल्या, त्या परत चढल्या नाहीत.

पुढे बायांनी मिळून स्वतःचं पेंडीचं दुकान काढलं. फोनवर कोणाला बसवायचं? मग चंद्रभागाच म्हणाली, "शेवंता बसू दे. एकदा भाजलीय ती, आता खोटं बोलायची नाही." आणि ती वाचलेली रेडी मोठी झाली, तेव्हा चंद्रभागा स्वतः दोर धरून आली आणि कोंडाबाईच्या दारात तिला बांधून गेली. रेडी व्याली. ज्या घरात कोरा चहा होता, तिथं ताक घुसळलं जाऊ लागलं.

तात्पर्य: दुसऱ्याचं बोलणं पकडून ठेवणाऱ्यानं आधी स्वतःचं बोलणं चार लोकांत ऐकवण्याजोगं ठेवावं, आणि भीतीनं खोटं बोललोच, तर ते आपल्याच तोंडानं कबूल करायला उशीर करू नये.