हवेतली चाकं

"पण सगळं घट्ट आहे, बुवा. मग हलतं काय?"

अच्युत जीपखालून सरपटत बाहेर आला. कोपरापर्यंत ग्रीस, मुठीत पाना. जीपची पुढची दोन्ही चाकं जॅकवर अधांतरी होती.

नीलकंठबुवा मठाच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच सांग. इंजिनियर तू."

हे अच्युतला लागलं. परदेशात मोटारींचं शिक्षण घेऊन, तिथली चांगली नोकरी सोडून तो बुवांकडे शिष्य म्हणून आला होता. मठाची जुनी जीप ओढ्यातल्या दगडांना पोट घासायची. त्याने तिला उंच स्प्रिंगा बसवल्या, मोठी चाकं चढवली. गाडी वीतभर वर उचलली गेली. पाड्यापाड्यांवरून माणसं बघायला आली. त्या दिवशी अच्युतचं ध्यानही छान लागलं होतं.

मग एकदा घाटातल्या पुलावर चाक आदळलं आणि स्टिअरिंग हातात ठरेना. अंगात आल्यासारखी गाडी पुढून थडथडू लागली. मागे दवाखान्यातून परतणारी माणसं होती. गाडी थांबल्यावर सगळी खाली उतरली आणि चालत घरी गेली.

तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. चाकांचा तोल साधून झाला. स्टिअरिंगचे हादरे शोषणारा नवा दांडा लावून झाला. दिसेल तो नट आवळून झाला. जपाला बसलं तरी बोटं माळ सोडून पाना धरल्यासारखी वळायची.

आणि आज कोंडाबाई आली होती. तिची सून शेवंता दिवस भरलेली, अंगणात आंब्याखाली बसवलेली. पहाटेपासून कळा येत होत्या आणि थांबत होत्या. मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या, असं सुईण सांगून गेली होती. दवाखाना घाटाखाली, नदीपलीकडे.

"धाकटे महाराज, गाडी चालती का न्हाई तेवढं सांगा," कोंडाबाई म्हणाली. "न्हाई तर मी डोली बांधाया सांगते."

"चालते. फक्त जरा..."

"जरा काय?"

"जरा थरथरते."

"आमचा म्हाताराबी जराच थरथरायचा. येक दिस पडला त्यो उठलाच न्हाई."

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"जॅक काढ," ते म्हणाले.

"बुवा, चाकं वर असल्याशिवाय सांधे तपासता येत नाहीत."

"काढ."

जीप जमिनीवर बसली. स्प्रिंगा कुरकुरल्या.

"पाना दे इकडे."

अच्युतने पाना दिला. बुवांनी तो पायरीवर ठेवला आणि त्याच्यावरच बसले.

"कोंडाबाई, वर चढा. ते स्टिअरिंगचं चाक धरा. दळायचं नाही. दळायच्या आधी जात्याचा खुंटा हलवून बघता ना, तसं. थोडं इकडे, थोडं तिकडे."

"मी? महाराज, आमच्या सात पिढ्यांत कुनी बैलगाडीबी हाकली न्हाई."

"हाकायची नाहीच आहे."

कोंडाबाई पदर खोचून चढली.

"आणि मी?" अच्युतने विचारलं.

"तू खाली जा. एकेका सांध्यावर तळहात ठेव."

"आणि?"

"आणि काही नाही."

तो पुन्हा जीपखाली शिरला. रिकामा हात त्याला कुणा दुसऱ्याचा वाटू लागला. पहिला सांधा. वर कोंडाबाईने चाक हलवलं. काही नाही. दुसरा. काही नाही. शेवंताचं कण्हणं ऐकू आलं. इथे आपण नुसते हात लावत पडलोय...

"बुवा, हे सगळं मी कालच पाहिलंय."

"हात ठेव."

"वेळ जातोय."

"अच्युत... हात."

पुढचा आस गाडीखाली आडवा सरकू नये म्हणून एक लांब दांडा असतो. गाडी उंच केल्यावर तो पुरेना, म्हणून अच्युतने त्याच्यासाठी नवी पट्टी बनवली होती. खालच्या गावी जाऊन, स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून. तिथला नट त्याने सगळ्यांत जास्त आवळला होता. तिथे हात ठेवायची त्याला गरज वाटली नव्हती.

आता ठेवला.

वर चाक हललं. टक्.

तळहाताखाली काहीतरी उघडलं आणि मिटलं.

नट हलला नव्हता. त्याने बोटाने चाचपलं. त्याचीच पट्टी, जोडाशी, नख शिरेल एवढी तडकली होती. चाक इकडे गेलं की फट उघडायची. तिकडे गेलं की मिटायची. चाकं हवेत असताना तिच्यावर भारच नव्हता, म्हणून ती तोंड मिटून बसली होती.

"आटपलं का?" वरून आवाज आला. "का दळतच ऱ्हाऊ?"

तो बाहेर आला आणि बुवांसमोर उभा राहिला.

"पट्टी तडकलीय. वेल्डिंग इथे होणार नाही." मग घाईघाईने, "पण पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश नेली, तर टिकेल. बहुतेक टिकेल."

आंब्याखाली शेवंता पदराचा बोळा दातांत धरून बसली होती. बुवा तिच्याकडे बघत होते. अच्युतनेही बघितलं.

...

"कोंडाबाई," तो म्हणाला, "गाडी चालत नाही."

"हां." कोंडाबाई खाली उतरली. "ह्ये मघाशी म्हनला असता तर आत्तापातुर निम्मा डोंगुर उतरलो असतो."

तिच्या मुलाने, धाकूने, लांब वासा आणि घोंगडी आणलीच होती. मायलेकांनी मिळून झोळी बांधली, शेवंताला आत निजवलं. पाऊलवाट घाटरस्त्यासारखे वळसे न घेता सरळ नदीवर उतरत होती. पण पाड्यावरचे गडी बाजाराला गेलेले. एक खांदा कमी पडत होता.

"मी देतो," अच्युत म्हणाला.

"कवा दिलाय का?" कोंडाबाईने त्याला खालून वर न्याहाळलं. "फुडचा धोंडा, खड्डा, वळान सांगत जातो. मागल्याला झोळीमुळं वाट दिसत न्हाई. त्यानं ऐकायचं आन् पाय टाकायचा."

"मग मी पुढे होतो. त्या वाटेचा दगड न् दगड मला माहीत आहे."

धाकूने बुवांकडे पाहिलं.

बुवा उठले. वाशाचं मागचं टोक त्यांनी दोन्ही हातांनी उचलून अच्युतच्या खांद्याजवळ धरलं.

"बुवा, मागून मला काहीच दिसणार नाही."

"धाकूला दिसतंय."