डिसेंटची आमटी

सिदोबा आचाऱ्याची मिशी उडणार होती! आणि तीही अर्धीच, एका बाजूची. वर महालातून कायमचा नारळ.

गुन्हा काय? तर निमखेडीच्या तुळाजीराव महाराजांनी, सर्दीनं लाल झालेलं नाक पुसत पुसत, आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "अळणी!" लगेच अख्खी पंगत ओरडली, "अळणी, सरकार, अळणी!" आणि या बाबाच्या तोंडून निसटलं, "नाही सरकार, मीठ बरोबर आहे."

संपलं ना सगळं! निमखेडीत महाराजांना 'नाही' म्हणायचंच नसतं. महाराजांना जे जाणवतं तेच दरबाराला जाणवायचं, असा रिवाज. भर मे महिन्यात महाराजांना थंडी वाजली, तर मंडळी शाली पांघरून, घामानं थबथबत "हुडहुडी, हुडहुडी" करत बसायची! जेवतानाही तेच. महाराज घास घेतील तेव्हा घास, आणि ते पाणी पिईपर्यंत कुणी भांड्याला बोटही लावायचं नाही.

सिदोबाची पोरगी हौसा तिथंच पळी घेऊन उभी होती. बापाचा पांढराफटक चेहरा बघून तिचं डोकं असं काही तापलं म्हणता!

तेवढ्यात दिवाणजींना विद्वत्ता सुचली. "सरकार, या आचाऱ्यानं जे केलं ना, त्याला इंग्रजीत डिसेंट म्हणतात!"

महाराजांना इंग्रजीचं भयंकर वेड. शिक्षा राहिली बाजूला. "डिसेंट? म्हणजे काय हो?"

"मतभेद, सरकार. शब्द मूळचा लॅटिन. 'डिस' म्हणजे निराळं आणि 'सेंतिरे' म्हणजे जाणवणं. इतरांना जाणवतं त्याहून निराळं जाणवणं, तो डिसेंट!"

"वा! मग आपल्या दरबारात हा किती आहे?"

"अजिबात नाही, सरकार!" दिवाणजी छाती फुगवून म्हणाले.

महाराजांचं तोंड एवढंसं झालं. "साहेबाकडे आहे आणि आमच्याकडे नाही? आम्ही घड्याळाचा मनोरा बांधला, बँड आणला, आणि एवढासा डिसेंट नाही आमच्याकडे?"

"आहे की, सरकार!" हौसा फटकन बोलली. "या पंगतीतच आहे. ढिगानं!"

"मग दाखव!" महाराज उसळले. "उद्याच्या जेवणात अख्ख्या दरबाराचा डिसेंट दाखव. पण आमच्याविरुद्ध कुणी अवाक्षर काढलं, तर त्याचीही मिशी गेली समज! दाखवलास तर बाप सुटला. नाहीतर तुम्ही दोघं वेशीबाहेर!"

मुदपाकखान्यात शिरल्या शिरल्या सिदोबा कळवळला, "तोंड कशाला उघडलंस गं? अर्धी तरी राहिली असती!"

"आबा, अर्धी घेऊन काय करणार होता? एकाच हातानं पीळ भरणार? सोडा ते. लवंगी मिरच्या कुठं ठेवल्यात?"

"महाराजांना मिरची? बाई, आता मुंडकंच जाईल!"

"महाराजांना नाही हो! त्यांना गूळ!"

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. हौसानं महाराजांची वाटी वेगळ्या पातेल्यातून भरली, बाकीच्यांच्या दुसऱ्यातून. महाराजांनी भुरका मारला. सगळ्यांनी मारला.

"वा! गोड!" महाराज म्हणाले.

"गोड, सर... सर... सरकार!" पंगत म्हणाली.

सेनापतींचे कान लालबुंद! खजिनदारांना उचकी! दिवाणजींच्या डोळ्यांतून, नाकातून नुसते पाट वाहायला लागले. सगळ्यांच्या नजरा पाण्याच्या भांड्यांवर, पण महाराजांना कुठं तहान लागलीय? ते आपले मजेत दुसरा भुरका, तिसरा भुरका!

"गोड आहे ना हो दिवाणजी?"

"फार... हिक्... फारच गोड!"

"मग रडताय का?"

हौसा पुढं झाली. "तोच डिसेंट, सरकार! तोंडं तुमची आहेत, तोंडं हो म्हणतायत. पण जाणवतंय निराळंच! नाकाडोळ्यांकडे बघा, काय ओरडतायत!"

महाराजांनी भुवया वर केल्या. दिवाणजींची वाटी ओढली.

"नको सरकार, झोंबेल!" हौसा म्हणाली.

"आम्हाला सांगतेस?" म्हणत त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि ताडकन उभेच राहिले! "अगं आई गं! पाणी!"

महाराजांनी भांडं उचलायचा अवकाश, सगळा दरबार भांड्यांवर तुटून पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना महाराजांसारखंच जाणवत होतं!

महाराजांना शिंका आल्या, एकामागून एक, दणादणा. मग ते थबकले. नाक वर करून हुंगायला लागले. "अरे! कढीपत्ता! हिंग! चार दिवसांनी वास येतोय आम्हाला!" मग हौसाकडे वळून त्यांनी डोळे बारीक केले. "पोरी, खरं सांग. काल आमटीत मीठ होतं की नव्हतं?"

"मीठ जागेवर होतं, सरकार. तुमचं नाक जागेवर नव्हतं!"

अख्ख्या पंगतीनं आपापल्या मिशीवर हात ठेवला. आणि महाराज जे हसत सुटले, की पाटावरून कलंडलेच! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं. "आणि सिदोबाच्या मिशीला आजपासून आमच्या कोठीतलं लोणी लावा. दोन्ही बाजूंना!"

महाराज हसले म्हणून दरबारही खो खो हसायला लागला. दिवाणजी मात्र जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी वारा घालत होते.

"काय दिवाणजी, हसत नाही? तुमचाही डिसेंट?"

"नाही सरकार!" दिवाणजी किंचाळले. "मिरची!"