देवीचा मोर आणि आवडाईची वाफ

फार वर्षांपूर्वी, कासरखोलच्या ओढ्यावर अजून साकवसुद्धा पडला नव्हता तेव्हा, देवळामागच्या पहिल्याच घरात आवडाई राहायची. शेतातून आलेलं भात उकडून, कांडून तांदूळ करणं हे तिचं काम. अख्ख्या गावाचं भात तिच्या हंड्यातून जायचं आणि तिच्या हातचा तांदूळ कधी तुटायचा नाही. असं म्हणतात, नुसती वाफ हुंगून ती सांगायची, कुणाच्या शेतातलं भात आहे ते.

तिचा बाप बुधाजी चितारी, लाकूड कोरून रंगवणारा. त्याने मरायच्या आदल्या वर्षी एका पांगाऱ्यातून देवीसाठी मोर कोरला होता. लाखेच्या रंगांनी रंगवलेला, मान जराशी वळवलेली, जणू मागून कुणी हाक मारली. जत्रेत देवी त्या मोरावर बसूनच बाहेर पडायची. मोर नाही तर देवी उंबरा ओलांडत नाही, अशी रीत. आणि देवी आली नाही तर जत्रा कसली?

एका वर्षी भात कापून झालं, थंडी पडली, आणि सोमा गुरवाला मोराखाली पिठी दिसली. झाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. कान लावला तर आत कुरकुर, कुरकुर. मोराला भुंगेरा लागला होता. अंगभर मोहरीएवढी भोकं.

मग काय, गावात जो तो वैद्य. एक म्हणाला, उन्हात ठेवा. ठेवला, तर तिसऱ्या दिवशी डाव्या पंखाला बोटभर तडा गेला आणि भुंगेरा आत मजेत. दुसरा म्हणाला, धुरी द्या. चोच तेवढी काळी झाली. तिसऱ्याने होडीला लावायचं काजूच्या टरफलांचं जहाल तेल आणलं. शेपटीवर थेंब पडला तिथला निळा रंग पापुद्र्यासारखा उचकटून आला.

शेवटी देवळाच्या पायरीवर गाव बसलं. अनाजी गावकर, गावचा मानकरी, म्हणाला, "पुनवेक जत्रा. वाटेत मोर मोडलो तर देवी खाली पडतली. त्येच्यापेक्षा न्हयत सोडूया."

मागून कुणीतरी बोललं, "बुधाजीनंच कच्चा लाकूड वापरल्यान. हात कसलो तो."

आवडाई खांबाआड उभी होती. बापाचं घर गेलं, हत्यारं गेली, उरला होता तो एवढा मोर. तोही नदीत जाणार, आणि वर बापाचा हात बदनाम. घरी येऊन ती जेवलीसुद्धा नाही.

सकाळी तिने हंडा चढवला. भाताला वाफ आली, झाकण उचललं आणि ते हातात तसंच राहिलं. ते झाकण बापानेच केलेलं. मोर कोरून उरलेल्या त्याच पांगाऱ्याचं. तिने ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. इतकी वर्षं झाली, त्याला एक भोक नव्हतं.

झाड एक, हात एक. मोराला कीड आणि झाकणाला नाही. का? झाकण रोज वाफ खातं.

ती तशीच देवळात गेली. "माका एक दिस होयो," गावकराला म्हणाली. "मोराक वाफ देतंय."

तिची शेजारीण येसूकाकी तिथे होतीच. ती कुठे नसायची? "अगो आवडे, देवीचो मोर काय भात हा, उकडूक?"

"काकी, कोरड्या आंचेर दाणो तडकता. वाफेर तोच दाणो घट्ट होता. तू आयुष्यभर माझो तांदूळ खाल्लस, कधी कणी गावली?"

येसूकाकी गप्प झाली. असं म्हणतात, त्या बाईच्या जन्मात ती एवढ्या एकाच वेळेला गप्प झाली.

"तडो गेलो तर?" गावकराने विचारलं.

"तर मोराबरोबर माकाय न्हयत सोडा."

आवडाईने घरातली मोठी कणगी रिकामी केली. वर्षाचं भात जमिनीवर ओतलं. कणगी शेणामातीने लिंपून घेतली, आत पेंढा अंथरला आणि त्यावर मोर बसवला. मग बापाच्या झाकणाला तिने स्वतःच्या हाताने भोक पाडलं, त्यात पोकळ बांबू खोचला आणि त्याचं दुसरं टोक कणगीत सोडलं. मोराच्या गळ्यात दोन गोळे बांधले, एक थिजलेल्या कोकमाच्या तेलाचा आणि एक मेणाचा. कोकम वितळलंच पाहिजे, नाहीतर भुंगेरा मरायचा नाही, आणि मेण नुसतं मऊ पडलं पाहिजे. मेण वितळलं म्हणजे लाख गेलीच समजा.

कणगीचं तोंड हात जाईल एवढंच ठेवून तिने बंद केलं आणि एकेक काटकी सारत ती चुलीपाशी बसली. गाव भोवती. कोकम टपकलं. तिने आणखी एकच काटकी सारली. कणगीच्या बारीक तोंडातून हात घालून तिने मेण चाचपलं. बोटाचा ठसा उमटला. "बस, हीच धग," ती म्हणाली, आणि उन्हं कलेपर्यंत तिने ती जराही हलू दिली नाही.

तेवढ्यात आतून मोर ओरडला. त्या हजार भोकांतून वाफ घुसली आणि चोचीवाटे बाहेर पडली, की आणखी काही झालं, ते देवीलाच ठाऊक. पण असं म्हणतात, की ती केका ओढ्यापलीकडे ऐकू गेली आणि रानातल्या खऱ्या मोरांनी तिला उत्तर दिलं.

लोक कणगी उघडायला धावले. आवडाई आडवी उभी राहिली. "निवांदे. घाई केलास तर आता तडकतलो."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर तिने कणगी उघडली. पेंढ्यात काळ्या तिळांसारखे मूठभर भुंगेरे मरून पडले होते. मोराचा रंग न्हाल्यासारखा ताजा. आणि डाव्या पंखाचा तडा वाफेने फुगून मिटलेला, नख घालायलासुद्धा फट नाही.

गावकराने मोराच्या पोटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला; आत कुरकुर नव्हती. मग सगळ्यांकडे बघून म्हणाला, "गप्प हा." मग मिटलेल्या तड्यावरून बोट फिरवत म्हणाला, "बुधाजीचो हात सोन्याचो होतो."

त्या पुनवेला देवी मोरावर बसून निघाली आणि मोर वाहणाऱ्या मानकऱ्यांच्याही पुढे आवडाई चालली. असं म्हणतात, मोर वाटभर मान डोलावत होता.

आजही कासरखोलात सुगीच्या पहिल्या हंड्याची वाफ भाताला देत नाहीत. घराघरांतले पाट, पोळपाट, पाळणे, मृदंगाची खोडं देवळामागच्या कणगीत जातात. तोंडाशी दोन गोळे टांगतात. कोकम टपकून मेणावर बोटाचा ठसा उमटला की बायका म्हणतात, "आवडाई इली," आणि काटक्या मागे ओढतात. भोक पाडलेलं ते झाकण मोराशेजारी टांगलेलं आहे.

आणि जत्रेच्या सकाळी चितारी घरातली माहेरवाशीण मोराच्या पोटाला कान लावते. ढोलवाले टिपऱ्या उचलून थांबतात, गाव तिच्याकडे बघतं. ती मान वर करते आणि म्हणते, "गप्प हा."

मग ढोल वाजतात.